टोपण कितीही पिळलं तरी तेल गळतंय, बाटली बदलू का साचा करून घेऊ?

कराडची_माई

नमस्कार, इथे वाचते नेहमी पण लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. मी केसांचं तेल, चेहऱ्याचं सीरम आणि कोरफडीचं जेल विकते. सुरुवात शेजारणींना देण्यापासून झाली, आता महिन्याला दीड-दोनशे पार्सलं जातात. बायका परत परत मागवतात, म्हणजे मालाची तक्रार नाही, तक्रार आहे ती बाटलीची.

तेल १०० मिलीच्या पेट बाटलीत भरतो, वर फ्लिप टॉप. बाटल्या पुण्याला बोहरी आळीतून आणल्या आणि टोपणं दुसऱ्याकडून, कारण त्याच्याकडे सोनेरी होती आणि स्वस्तही पडली. घरी भरून ठेवल्या तर महिना महिना एक थेंब बाहेर येत नाही पण कुरियरला दिल्या की दहातली एक तरी ओली पोचतेच. मे महिन्यात नागपूर-अकोल्याची पार्सलं तर बघवत नव्हती. अकोल्याच्या एका ताईंनी फोटो पाठवला, खोक्यातला खाकी कागद तेल पिऊन पारदर्शक झालेला आणि लेबल सुटून बाटलीच्या बुडाला गुंडाळलेलं. त्यांना दुसरी बाटली पाठवली, तीही गळली. आता तिसरी पाठवायची लाज वाटते.

टोपणं फडक्यात धरून पिळतो आम्ही, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघींची मनगटं धरलीत. तरीही गळतंच.

शिवाय सीरमच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दोन महिन्यांत सुजतो आणि बोटाला चिकटतो. जेल डबीत देते, एका गिऱ्हाइकीनं झाकणाच्या आत काळे ठिपके आल्याचा फोटो पाठवला, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला.

नवरा म्हणतो स्वतःचा साचा करून घेऊ, आपली बाटली आपल्या मनासारखी. परवडेल का? का अजून कुठं चुकतंय?

फुकटचा_सल्लागार

टेफ्लॉन टेप. प्लंबरकडची पांढरी. आट्यावर दोन वेढे द्या वरून टोपण लावा, विषय संपला

वसई_पॅकेजिंगवाला

माई, टेप लावू नका प्लीज. नळाचा आटा निमुळता असतो, तिथे पाणी आट्यातच अडवायचं असतं म्हणून टेप चालते. बाटलीच्या आट्याचं काम एकच, टोपण खाली ओढून धरायचं. तेल अडतं ते ओठावर, म्हणजे बाटलीच्या तोंडाची जी वरची सपाट कड असते तिच्यावर. टोपणाच्या आतली वॅड (मऊ चकती) किंवा प्लॅस्टिकची रिंग त्या कडेवर चहूबाजूंनी दाबून बसली तर सील झालं, नाही बसली तर तुम्ही मनगट मोडेपर्यंत पिळा, काही उपयोग नाही. आणि टेपचे तुकडे तेलात पडतात ते वेगळंच.

घरी गळत नाही म्हणता, त्या उभ्या ठेवता ना? उभ्या बाटलीत तेल ओठापर्यंत पोचतच नाही तर गळणार कुठून. कुरियरवाला काही उभी नेत नाही.

मला वाटतं मी सांगू शकतो काय झालंय पण आधी एक करून बघा. देवघरातलं कुंकू घ्या, त्यात थेंबभर तेल घालून ओलं करा. रिकाम्या बाटलीच्या ओठावर बोटानं पातळ लावा, टोपण नेहमीसारखं लावा, परत उघडा आणि टोपणाच्या आत बघा. वॅड असेल तर वॅडवर, नसेल तर वरच्या प्लॅस्टिकवर, कुंकवाचा पूर्ण गोल उमटला पाहिजे. तुटक उमटला तर जिथे तुटलाय तिथून गळतंय. उमटलाच नाही तर टोपण ओठाला शिवतच नाहीये. दहा बाटल्यांवर करा आणि इथे लिहा, अंदाजाने नको. (त्या दहा बाटल्या नंतर विक्रीत घालू नका.)

लोणावळ्याची_चिक्की

माई तेलाची रेसिपी पण द्या ना 🙏

कराडची_माई

दादा केलं. सगळं स्वयंपाकघर लाल झालंय, सासूबाई विचारतायत आज कुणाचं हळदीकुंकू आहे.

सोनेरी टोपणं घातलेल्या दहा बाटल्यांपैकी सातांच्या आत काहीच उमटलं नाही! एकदम कोरं. तिघांत अर्धवट चंद्रकोर. मग जुनी काळी टोपणं होती थोडी, बाटलीवाल्याकडचीच, ती त्याच बाटल्यांना लावली तर दहाच्या दहा पूर्ण गोल. आणि २०० मिलीची पांढरी अपारदर्शक बाटली पण आहे माझ्याकडे, ती अधूनमधून गळते, तिच्यात गोल उमटतो पण दोन ठिकाणी तुटतो, एकमेकांच्या बरोबर समोर. प्रत्येक बाटलीत तिथेच.

वसई_पॅकेजिंगवाला

वाटलंच होतं. तुमची बाटली २४/४१० असणार आणि सोनेरी टोपण २४/४१५.

हा आकडा समजून घ्या, आयुष्यभर उपयोगी पडेल. पहिला आकडा नेकची, म्हणजे बाटलीच्या गळ्याची, मिलिमीटरमधली रुंदी, आट्यांच्या बाहेरून बाहेर. दुसरा आकडा आट्यांचा प्रकार. ४०० म्हणजे साधारण एक वेढा, ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. ४१५ चा नेक उंच म्हणून त्याचं टोपणही उंच. ते उंच टोपण ४१० च्या बुटक्या नेकवर लावलं की टोपणाची खालची कड आधी बाटलीच्या खांद्यावर टेकते, वरची बाजू ओठापर्यंत पोचतच नाही. पण हाताला घट्ट लागतं! खांद्यावर आवळलं जातंय ना. माणसाला वाटतं काय मस्त बसलंय. दुकानदार पण फसवत नाही हां, तो "चोवीसचं" म्हणून देतो आणि ते असतं चोवीसचंच.

यापुढे टोपण लावल्यावर खालच्या कडेला आणि खांद्याला मधे व्हिजिटिंग कार्ड सरकतंय का बघायचं. थोडी फट पाहिजेच, टेकलेलं म्हणजे चुकलं. आणि बाटली-टोपण एकाच ठिकाणाहून घ्या, निदान नेकचा आकडा बिलावर लिहून घ्या.

पिळणं बंद करा. आमच्या लायनीत ढोबळ हिशोब असा की टोपण जितक्या मिलिमीटरचं त्याच्या निम्मे इंच-पाउंड टॉर्क (पिळण्याचा जोर), म्हणजे २४ च्या टोपणाला बारा. जास्त पिळलं की टोपणाचा प्लॅस्टिकचा आटा घसरतो आणि फोमची वॅड एकदा चेपली की परत फुगत नाही. आणि लावल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक टोपण थोडं सैल होतं, प्लॅस्टिकचा स्वभावच आहे तो, त्यामुळे भरल्या भरल्या तपासण्यापेक्षा चोवीस तासांनी तपासा. टॉर्क मीटर नसेल तर निदान टोपणं एकाच माणसाने लावावीत, म्हणजे चूक तरी सगळीकडे सारखी होईल.

भोसरीचा_साचेवाला

२०० मिलीची पांढरी बाटली माझ्या खात्यात येते. ती एचडीपीई प्लॅस्टिकची असणार, ब्लो मोल्डिंगची, म्हणजे साच्यात हवेने फुगवलेली. साचा दोन अर्ध्यांचा असतो, दोन्ही अर्धे मिटतात त्या रेषेला आम्ही पार्टिंग लाईन म्हणतो. साचा जुना झाला किंवा नीट मिटत नसेल तर त्या रेषेत प्लॅस्टिकची पातळ पापडी निघते, तिला फ्लॅश म्हणतात. ती ओठापर्यंत आली की ओठाला दोन ठिकाणी बारीक उंचवटा येतो, समोरासमोर. म्हणून तुमचा गोल तिथेच तुटतोय. डोळे मिटून अंगठ्याचं नख ओठावरून गोल फिरवा, दोनदा अडखळेल. पेटच्या बाटलीत हे सहसा होत नाही, कारण तिचा नेक आधी प्रीफॉर्ममध्येच (फुगवायच्या आधीच्या जाड नळीत) इंजेक्शनने बनतो आणि नंतर फक्त खालचा भाग फुगवतात. नेक फुगवत नाहीत म्हणून माप पक्कं राहतं.

घासून काढायच्या भानगडीत पडू नका, कानस मारली की ओठावर ओरखडे येतात आणि तेलाला नवीन वाट मिळते. लॉट परत करा. नख अडखळतंय म्हणून सांगा, बनवणाऱ्याला बरोबर कळतं.

आता साच्याचं. ताई, मी साचे बनवून पोट भरतो तरी सांगतो, दोनशे पार्सलांसाठी साचा करू नका. करायचाच झाला पुढे कधी तर अंग हवं तसं घ्या, कमरेला बाक द्या, चौकोनी करा, मोर काढा, पण नेक बाजारात मिळतो तोच ठेवा. स्वतःचा नेक केला की स्वतःचं टोपणही करावं लागतं, आणि ते एक टोपण कमी पडलं की सगळा धंदा बंद.

आणखी एक, ज्यावर कोणी बोलत नाही. बाटली स्वच्छ राहणं हे ओठाच्या कडेवर ठरतं. घरातल्या तेलाच्या बुधल्याखाली कायम वाटी का ठेवावी लागते? कड गोल असली की ओतणं थांबवताना शेवटचा थेंब कडेला चिकटून बाहेरच्या बाजूने खाली उतरतो. झारीची चांगली तोटी बघा, टोकाला पातळ आणि तीक्ष्ण असते, थेंब तिथे तुटतो. तसंच भोकाचं. केसाच्या तेलाला मोठं भोक लागत नाही, दोन-तीन मिलिमीटर पुरतं, आणि भोकाभोवती उभी बारीक नळी असलेलं टोपण घ्या, सपाट ताटलीवालं नको. सपाटवर तेल साचतं, धूळ बसते, दोन आठवड्यांत टोपणाच्या बिजागरीत काळा मेणचट राब जमतो. गिऱ्हाइकाला वाटतं तेलच खराब आहे.

कराडची_माई

अगदी हाच राब!! मी कापूस घेऊन काढत बसते सॅम्पलच्या बाटल्यांचा. नख फिरवलं, अडखळलं, दोनदाच. मग मेमध्ये विदर्भातलीच पार्सलं का जास्त गळली? टोपण तर सगळीकडे तेच होतं.

वसई_पॅकेजिंगवाला

कारण उन्हात ट्रक तापतो. तुम्ही बाटली किती भरता? गळ्यापर्यंत ना, कमी दिसायला नको म्हणून?

हिशोब मांडतो. तेल २५ अंशांवरून ५० वर गेलं की १०० मिलीचं साधारण पावणेदोन मिलीने वाढतं. वर हवेला जागा समजा ५ मिलीच ठेवलीत तर ती उरली सव्वातीन मिली, वर हवा स्वतःही तापून फुगू बघतेय. दोन्ही मिळून आतला दाब बाहेरच्या दीडपटीच्या वर जातो. तीच जागा १० मिली ठेवली तर तो दाब सव्वापटीच्या जरा वर राहतो. बाटली थोडी फुगते म्हणून प्रत्यक्षात एवढा होत नाही पण फरक बघा केवढा. म्हणजे १०० मिली तेलाला काठोकाठ ११० मिली मावेल अशी बाटली पाहिजे. लेबलवर १०० लिहिलंय तर तेल १०० भरायचंच, बाटली मोठी घ्यायची. दिसायला रिकामं नको असेल तर नेकपर्यंत लेबल-श्रिंक काहीतरी करा.

गळती टोपणाच्या खालून होते का फ्लिपच्या भोकातून हेही एकदा वेगळं करून बघा. एक टिश्यू नेकभोवती रबर लावून, दुसरा फ्लिपवर चिकटवून, बाटली आडवी करून एक दिवस गरम जागी. गच्चीवर पत्र्याखाली ठेवली तरी चालेल. कुठला टिश्यू तेलकट होतो ते दिसेल.

आणि कुरियरसाठी इंडक्शन वॅड लावा. ॲल्युमिनियमची चकती असते, खाली प्लॅस्टिकचा थर, मशीन वरून धरलं की फॉइल तापतं आणि थर वितळून ओठाला चिकटतो. हातात धरायची छोटी मशीन येते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पेटला पेटची वॅड, एचडीपीईला पीईची (पॉलिथिनची), उलट केलं तर चिकटल्यासारखं वाटतं आणि सुटतं. आणि ओठावर तेलाचा पुसट थर जरी असला तरी चिकटत नाही, त्यामुळे भरताना नळी बाटलीच्या तोंडाच्या आत जाऊ दे आणि टोपण लावायच्या आधी प्रत्येक ओठ कोरड्या कपड्याने पुसा. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात आणि मशीनला शिव्या घालतात. हां आणि चकती काढून टाकायची हे लेबलवर ठळक लिहा, नाहीतर फोन येतील की तेल बाहेरच येत नाही.

दुबईकर_सांगली

विमानाचं पण असंच. केबिनचं प्रेशर सहा ते आठ हजार फुटांवर असतं तेवढं ठेवतात, म्हणजे बाटलीतली हवा बाहेरच्यापेक्षा जोरात. आईने दिलेलं जास्वंदाचं तेल दर वेळी माझ्या शर्टांना लागतं. मी आता बाटली दाबून हवा काढून मग टोपण लावतो, थोडी चेपलेली दिसते पण शर्ट वाचतात.

जुना_एजंट_६८

तुमचं वाचून जुना काळ आठवला. मी पंचवीस वर्षं किराणा लाईनला एजन्सी केली. तेलाची बाटली गळणं म्हणजे नुसतं लेबल खराब होणं नव्हे, उंदीर येतो. आमच्या गोडाऊनमध्ये रात्री खुडबुड ऐकू आली की समजायचं कुठल्यातरी खोक्यात तेल सुटलंय.

खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात यायचं. पॅराशूट प्लॅस्टिकमध्ये आणायचं ठरलं तेव्हा दुकानदार तयार नव्हते, कारण त्याआधी चौकोनी प्लॅस्टिकच्या बाटल्या येऊन गेल्या होत्या, त्या पाझरायच्या आणि उंदीर कोपरा धरून कुरतडायचे. मॅरिकोचे हर्ष मारीवाला यांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली आहे. त्यांनी बाटली गोल केली म्हणजे उंदराच्या दातांना पकड मिळू नये, आणि बाहेर तेलाचा अंशही राहू नये याची काळजी घेतली म्हणजे वासच येऊ नये. मग भरलेल्या बाटल्या उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवून दुकानदारांना दाखवल्या. ती निळी गोल बाटली आपल्याला आता इतकी सवयीची झालीय की ती गोल का आहे हे कोणी विचारत नाही.

थंडीत खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गेलं की गोठतं, त्याचाही विचार करा. बारीक भोकातून गोठलेलं तेल येत नाही मग लोक टोपणच काढून टाकतात, काडी घालतात, बाटली गरम पाण्यात ठेवतात आणि तुमचं सगळं सील-बिल गेलं. तिळाचं तेल जास्त घाला किंवा हिवाळ्याला रुंद तोंडाची द्या.

आणि कराडच्या असून काचेच्या बाटलीचं नाव नाही! ओगलेवाडीला ओगल्यांचा काच कारखाना होता, प्रभाकर कंदिलाचा. आमच्या घरी होता एक, काचेला काजळी धरली की राखेने पुसायचं काम माझ्याकडे.

पेट्रीडिश

मी कॉस्मेटिकच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे त्यामुळे मला फक्त ते काळे ठिपके दिसतायत. माई, जेल डबीत देणं आधी थांबवा.

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की आजी काय करायची आठवतंय? डबी म्हणजे ती बरणी आणि गिऱ्हाईक रोज त्यात ओली बोटं घालतंय, तेही बाथरूममध्ये. लोणच्याला निदान मीठ आणि वर तेलाचा थर असतो, कोरफडीच्या जेलमध्ये नुसतं पाणी आणि थोडी साखर, बुरशीला मेजवानीच. झाकणाच्या आत ठिपके आधी येतात कारण तिथे वाफ गार होऊन पाण्याचे थेंब जमतात. त्या थेंबात प्रिझर्वेटिव्ह नसतंच, नुसतं पाणी.

पण बाटली कितीही चांगली आणली तरी ती प्रिझर्वेटिव्हची जागा घेत नाही हेही सांगते, कारण लोक एअरलेस पंप आणतात आणि लेबलवर "नो प्रिझर्वेटिव्ह" लिहून मोकळे होतात. पाणी आहे तिथे प्रिझर्वेटिव्ह पाहिजे आणि ते पुरतंय का बघायला चॅलेंज टेस्ट पाहिजे, म्हणजे मुद्दाम जंतू घालून किती दिवसांत मरतात ते बघणं. आयएसओच्या हिशोबाने साध्या कॉस्मेटिकमध्ये ग्रॅमला १००० च्या वर जंतू चालत नाहीत, डोळ्यांजवळ लावायचं किंवा तीन वर्षांखालच्या मुलांचं असेल तर १००. घरी डोळ्यांनी दिसायला लागतात तेव्हा आकडा कधीच लाखांत गेलेला असतो.

जेलला ट्यूब द्या किंवा पंप. एअरलेस पंपात नळी नसते, खालून दट्ट्या वर सरकतो, त्यामुळे आत हवा जात नाही आणि बोट तर नाहीच नाही. महाग पडतो. त्यापेक्षा साधी मऊ ट्यूब बारीक तोंडाची, दोनशे पार्सलांना मी तीच सुचवेन. सीरममध्ये व्हिटॅमिन सी असेल तर मात्र एअरलेसचे पैसे वसूल होतात, हवेने ते पिवळं मग तांबूस होतं.

नवीन बाटल्या तशाच भरता का धुता? गोणीतून आलेल्या बाटलीत धूळ असते, कधी पुठ्ठ्याचा चुरा. पेट उकळत्या पाण्यात घालू नका, सत्तर अंशांच्या आसपास मऊ होऊन वाकते. सत्तर टक्के आयसोप्रोपिलने खळबळून उलट्या ठेवून पूर्ण कोरड्या करा. काच मात्र उकळा खुशाल. तेलाच्या बाटलीत पाण्याचा एक थेंब राहिला तरी तो तळाशी जाऊन बसतो आणि तिथे त्याचा संसार सुरू होतो.

वसई_पॅकेजिंगवाला

वरच्या कमेंटला हजार लाईक. ड्रॉपरचं राहिलंच होतं. फुगा नैसर्गिक रबराचा असणार, तेल आणि सुगंधी अर्क त्याला फुगवतात. नायट्राईलचा मागा, तेलाला टिकतो. आणि पार्सलमध्ये ड्रॉपर लावून पाठवूच नका. बाटलीला साधं वॅडवालं टोपण लावा, ड्रॉपर वेगळ्या पाकिटात द्या, गिऱ्हाईक घरी बदलेल. प्रवासात आडवी पडून तेल फुग्यात जाऊन बसतं, सूज तिथूनच सुरू होते. गिऱ्हाइकाला एवढंच सांगा की काचेची नळी गालाला टेकवायची नाही, थेंब हातावर घ्यायचा. टेकवली की गालावरचं सगळं परत बाटलीत.

ड्रॉपरच्या बाटलीच्या अठरा मिलिमीटरच्या नेकमध्येही तीच गंमत, सगळे अठरा एकमेकांना लागत नाहीत. परत कुंकू.

नियमवाले_काका

सगळे बाटलीवर बोलतायत, लायसन आहे का ते कोणी विचारलं का? कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली राज्याच्या एफडीएचं लायसन लागतं, घरगुती असलं तरी.

कराडची_माई

आहे हो काका, मैत्रिणीच्या नवऱ्याचं एमआयडीसीत युनिट आहे तिथे लोन लायसनवर (दुसऱ्याच्या युनिटमध्ये आपला माल बनवायचा परवाना) करतो, पॅकिंगपण तिथेच. विचारलंत ते बरं केलंत, पहिलं वर्ष मला पण माहीत नव्हतं.

कराडची_माई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, दिवाळीच्या ऑर्डरी होत्या.

२०० मिलीचा लॉट परत केला. आधी तो ऐकायला तयार नव्हता, म्हटलं दादा डोळे मिटा आणि नख फिरवा. फिरवलं आणि गप्प बसला, बदलून दिला. १०० मिलीला काळी ४१० ची टोपणं लावली, नळी असलेली, बाटली जरा मोठी घेतली, ओठ पुसायला एका मुलीला खास बसवलंय. ती म्हणते ताई हेच काम सगळ्यात कंटाळवाणं आहे, पण इंडक्शनची चकती आता ओढून निघत नाही, फाटूनच येते. गच्चीवर पत्र्याखाली बारा बाटल्या टिश्यू गुंडाळून आडव्या ठेवल्या, दोन दिवसांनी काढल्या तर अकरा कोरड्या. बारावीचा फ्लिपवरचा टिश्यू ओला होता, बघितलं तर भोकात बसणारी ती बारीक खुंटीच अर्धवट होती. दादा तुम्ही वेगळं करून बघा म्हणालात म्हणून सापडलं, नाहीतर मी परत टोपणच पिळत बसले असते.

जेल बंद केलंय सध्या. ट्यूबचं सॅम्पल आलंय, लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत विकणार नाही. यात माझं नुकसान आहे पण तो ठिपक्यांचा फोटो डोळ्यासमोरून जात नाही.

अकोल्याच्या ताईंना तिसरी बाटली पाठवली, न सांगता, नेकला टिश्यू गुंडाळून. काल त्यांनी टिश्यूचा फोटो पाठवला आणि विचारलं हे काय आहे, फुकट आहे का सोबत?

आता दोन हजार सोनेरी टोपणं पडून आहेत. कुणाला २४/४१५ हवी असतील तर सांगा, कुरियर मी करते.

भोसरीचा_साचेवाला

कुरियर नको ताई, मीच येऊन नेतो.